इंटरनेट नसतानाही वाचता येईल अशी मदत इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये कशी घालावी

ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना माणूस जिथे अडतो, तिथेच बहुधा इंटरनेटही बंद असते. ज्या संगणकावर उत्तर शोधायचे तो अर्धवट अवस्थेत असतो आणि दुसरा हाताशी नसतो. तालुक्याच्या गावातील एका शाळेत डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना मी असाच दीड तास वाय-फायच्या फर्मवेअरवर, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, अडकलो होतो. उत्तर चार ओळींचे होते, पण ते माझ्या घरच्या संगणकावर होते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलेशन इमेजमध्येच (इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलमधील प्रत) फर्मवेअर दिले जाते, त्यामुळे ती एक अडचण बरीच कमी झाली. बाकीच्या अडचणी आहेत तशाच आहेत, म्हणून मदतीचे साहित्य डिस्कमध्येच घालण्याची पद्धत येथे डेबियनच्या उदाहरणाने सांगत आहे. आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत. येथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

सर्वांत आधी काय घालायचे ते ठरवावे. मिळेल ते सगळे कोंबण्याचा मोह होतो, पण अडलेल्या माणसाला हजार पाने नको असतात, त्याला त्याच्या अडचणीचे पान हवे असते. माझ्या अनुभवात पाच-सहा जागा वारंवार येतात: डिस्कचे विभाग पाडणे आणि ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा) विभाग ओळखणे, विंडोजशेजारी जागा करणे, ग्रब (सुरुवातीला प्रणाली निवडण्याची यादी) न दिसणे, सिक्युअर बूट (केवळ मान्य सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) आणि पहिल्या लॉगिननंतरचे दोन घोळ. त्यांपैकी पहिला घोळ सुडोचा, म्हणजे साध्या वापरकर्त्याला व्यवस्थापकाचे काम करू देणाऱ्या आज्ञेचा. इन्स्टॉलेशनच्या वेळी रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाचा, पासवर्ड दिला, तर नव्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार आपोआप मिळत नाही. पासवर्डची जागा रिकामी सोडली तरच तो मिळतो. दुसरा घोळ असा, की डीव्हीडीवरून बसवलेली प्रणाली पुढे प्रत्येक पॅकेजसाठी (बसवायच्या सॉफ्टवेअरच्या संचासाठी) तीच डिस्क मागत राहते, कारण सोर्सेस-लिस्ट या फाइलमध्ये सीडीरॉमची ओळ शिल्लक असते. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घातले की हे मागणे थांबते. अशा प्रत्येक अडचणीसाठी स्वतःच्या शब्दांत एकेक पान लिहावे.

त्याच्या जोडीला अधिकृत साहित्य घ्यावे. इन्स्टॉलेशन-गाइड-एएमडी६४, डेबियन-रेफरन्स आणि डेबियन-हँडबुक ही तिन्ही पॅकेजे डेबियनच्या भांडारात आहेत. चालू प्रणालीवर ती बसवली की त्यांच्या फाइली यूएसआर, शेअर, डॉक या मार्गावर मिळतात. ही मुक्त परवान्याची पुस्तके असल्यामुळे त्यांच्या प्रती वाटता येतात, मात्र परवान्याची फाइल सोबत ठेवावी.

आता खरा महत्त्वाचा भाग, म्हणजे साहित्याचे स्वरूप. इन्स्टॉलेशन चालू असताना ब्राउझर नसतो, पीडीएफ वाचण्याची सोयही नसते. दुसऱ्या कन्सोलवर (केवळ मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर) बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचे शेल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा, मिळते आणि तेथे मोअर ही आज्ञा किंवा नॅनो हा संपादक एवढ्यावरच काम भागवावे लागते. म्हणून आपली पाने साध्या मजकुराच्या फाइलींतच असावीत, ओळ ८० अक्षरांच्या आत मोडावी आणि नावे छोटी, क्रमांक घातलेली असावीत. एचटीएमएल आणि पीडीएफ जरूर घालावे, पण दुसऱ्या संगणकावर किंवा इन्स्टॉलेशन झाल्यानंतर वाचण्यासाठी.

मराठीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, पण फक्त त्याच्या ग्राफिकल रूपात, कारण लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही. तेथे उघडलेली मराठी फाइल निरर्थक चौकोनांनी आणि चिन्हांनी भरून जाते. मी यावर साधा तोडगा काढला आहे: कन्सोलवर वाचायची पाने आपण मोबाइलवर घाईत लिहितो तशी रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहितो आणि तोच मजकूर देवनागरीत पीडीएफ करून शेजारी ठेवतो. रोमन मराठी डोळ्यांना खटकते हे मला मान्य आहे, पण अडलेल्या शिक्षकाला ती वाचता येते आणि त्याचे काम होते.

साहित्य तयार झाले की ते इमेजमध्ये घालायचे. डेबियनची इमेज थेट पेनड्राइव्हवर उतरवली, तर तिच्यातील फाइल-प्रणाली केवळ वाचण्यापुरती असते, त्यामुळे त्यावर नुसती फाइल कॉपी करता येत नाही. यासाठी झॉरिसो हे साधन वापरावे. आज्ञेत चार गोष्टी सांगायच्या असतात. इनडेव्हपुढे मूळ इमेज आणि आउटडेव्हपुढे नव्या इमेजचे नाव द्यावे. या नावाची फाइल आधीपासून नसावी. मॅपपुढे आपला फोल्डर आणि इमेजमधील त्याची जागा लिहावी; ही जागा मी मुळाशी, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, ‘मदत’ या नावाने, पण रोमन अक्षरांत ठेवतो. शेवटी बूट-इमेजपुढे एनी आणि रिप्ले हे दोन शब्द लिहावेत. हे शेवटचे दोन शब्द राहिले तर नवी इमेज सुरूच न होण्याची शक्यता असते, कारण मूळ इमेजची बूट करण्याची व्यवस्था त्यांच्यामुळेच नव्या इमेजमध्ये उतरते. डीव्हीडी करायची असेल तर ४.७ जीबीची मर्यादा पाळावी. आधारासाठी नेटइन्स्ट ही छोटी इमेज घेतली तर भरपूर जागा उरते, पण तिच्यात डेस्कटॉपची पॅकेजे नसतात, हेही आपल्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

त्यानंतर चाचणी. आभासी यंत्रात (संगणकातच चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संगणकात) नवी इमेज लावावी आणि त्याचे नेटवर्क मुद्दाम बंद ठेवावे. विभाग पाडण्याच्या पडद्यापर्यंत जाऊन ऑल्ट आणि एफ२ दाबावे. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोलही दाबावा. एंटर दिल्यावर शेल मिळते. डिस्क तेथे सीडीरॉम या मुळाशी असलेल्या फोल्डरवर जोडलेली असते, इमेज पेनड्राइव्हवर असली तरीसुद्धा. त्यातील मदत फोल्डरमधली पहिली फाइल मोअरने उघडून पाहावी. ओळी तुटत असतील, तर लिखाण दुरुस्त करून इमेज पुन्हा बांधावी. मजकुराच्या इन्स्टॉलरवर परतण्यासाठी ऑल्ट आणि एफ१, तर ग्राफिकलवर परतण्यासाठी ऑल्ट आणि एफ५. या कळा पहिल्याच पानाच्या पहिल्या ओळीत लिहाव्यात, कारण परत कसे जायचे हे न कळल्यामुळे घाबरून संगणक बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत.

एक पायरी बहुतेकजण विसरतात. संगणक पुन्हा सुरू झाला आणि डिस्क काढली, की मदतही हातातून जाते आणि सुडोचा घोळ तर त्यानंतरच समोर येतो. बसत असलेली प्रणाली इन्स्टॉलरमध्ये टार्गेट या फोल्डरवर जोडलेली असते. मूळ प्रणाली बसून झाल्यावर, शेवटचे रीबूट करण्यापूर्वी, त्याच शेलमधून मदत फोल्डर टार्गेटमधील ऑप्ट या फोल्डरमध्ये कॉपी करावा. नंतर तो कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येतो.

इमेज बदलल्यामुळे तिची बेरीजही (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासण्याचा, फाइलवरून काढलेला संकेतांक) बदलते आणि ती डेबियनने प्रसिद्ध केलेल्या शा५१२ बेरजेशी जुळत नाही. म्हणून मूळ इमेज उतरवल्याबरोबर तपासून घ्यावी आणि नव्या इमेजची बेरीज स्वतः काढून ठेवावी. डिस्कवर किंवा पेनड्राइव्हच्या चिठ्ठीवर डेबियनची आवृत्ती, साहित्याची तारीख आणि ‘ऑल्ट-एफ२, मोअर, सीडीरॉम, मदत’ हे चार शब्द न पुसणाऱ्या शाईने लिहावेत.