दिवस लहान-मोठा का होतो? नमुना करताना या चुका टाळा

डिसेंबर आला की विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात आणि थर्माकोलचे गोळे घेऊन मुलं माझ्या दारात उभी राहतात. सोबत आई किंवा बाबा. "काका, परवा द्यायचंय." विषय ठरलेला, दिवस लहान-मोठा का होतो. चुकाही ठरलेल्या. मुंबईत इतकी वर्षं त्याच त्या निस्तरतोय, म्हणून यंदा लिहूनच काढतो.

"उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते" हे वाक्य वहीत असेल तर आधी खोडा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, 15 कोटी 21 लाखांवर. म्हणजे आपण शाल शोधत असतो तेव्हाच सूर्य जवळ असतो. आणि अंतराने ऊन थोडं कमी-जास्त होईल, पण दिवसाचे तास कसे वाढतील? हे शिकवणाऱ्यांनाही कळत नाही तेव्हा मात्र मला राग येतो.

आता माझी खास चूक. खास, कारण ती मी स्वतः केली आहे.

एका वर्षी पुतण्याला मीच नमुना जोडून दिला. मध्ये बल्ब, त्याच्याभोवती फिरणारी लाकडी पट्टी, पट्टीच्या टोकाला 23.4 अंशांत कललेला पृथ्वीगोल. कोनमापक लावून कल मोजला होता, रंगकाम तर असं की शेजारपाजारचे बघून गेले. प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी थांबली. तिने पट्टी हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवली आणि पुतण्याला विचारलं, "दादा, ह्यात हिवाळा कुठंय?"

नव्हताच. गोल पट्टीला पक्का बसवलेला, त्यामुळे पट्टी फिरली की अक्षही तिच्यासोबत फिरायचा. भारत बारा महिने बल्बकडे झुकलेला. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

अक्ष कललेला असतो हे सगळ्यांना पाठ असतं. तो वर्षभर एकाच दिशेला कललेला असतो, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला, हा अर्धा भाग कुणी लक्षात ठेवत नाही आणि सगळी गंमत त्याच अर्ध्यात आहे. जूनमध्ये उत्तर टोक सूर्याकडे झुकलेलं दिसतं, डिसेंबरात सूर्यापासून दूर. अक्ष हललेला नसतो, आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचलेलो असतो. हातात गोल धरून बल्बभोवती फिरणार असाल तर अक्ष म्हणून गोलातून घातलेल्या सुईचं वरचं टोक सतत उत्तरेच्या भिंतीकडे ठेवा. यंत्रच हवं असेल तर मधोमध एक न फिरणारी पुली, गोलाखाली तेवढ्याच मापाची दुसरी आणि दोन्हींवर न पिळलेला पट्टा. शिवणयंत्राच्या पट्ट्याने मी हे केलंय, चालतं. पण एका रात्रीत होत नाही. "परवा द्यायचंय" म्हणणाऱ्यांनी गोल हातात धरावा, मोटरच्या नादी लागू नये.

बल्ब गोलाच्या वीतभर अंतरावर ठेवला तर अर्धा गोल उजळतच नाही, त्याहून कमी उजळतो, आणि सगळी मापं चुकतात. मी बल्ब वापरायचं सोडूनच दिलं. सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर चेंडू नेतो. सूर्य इतका लांब आहे की बरोबर अर्धा चेंडू उजळतो, विजेचं बिलही येत नाही.

चेंडूतून विणकामाची सुई आरपार घालायची आणि 19 अक्षांशावर, म्हणजे मुंबईच्या उंचीवर, दोरा गोल गुंडाळायचा. सुईचं वरचं टोक सूर्याकडे 23.4 अंश झुकवायचं आणि दोऱ्याचा किती भाग उजेडात आहे ते शिंप्याच्या टेपने मोजायचं. वीस सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूवर मुंबईचा दोरा साधारण 59 सेंटिमीटर भरतो, त्यातले साडेबत्तीस उजेडात. आता लंडनचा दोरा, साडेएकावन्न अक्षांशावर: एकूण 39, उजेडात जवळपास 27. चेंडू स्वतःभोवती फिरताना दोऱ्यावरचा प्रत्येक माणूस जितका वेळ उजेडात, तितका त्याचा दिवस. म्हणून जूनमध्ये मुंबईचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लंडनचा साडेसोळाच्या वर. विषुववृत्तावरचा दोरा कसाही झुकवा, निम्माच उजळतो. एवढं दाखवलंत तर तक्त्यावर पाच रंगांत बाण काढायची गरज उरत नाही.

मोठा दिवस म्हणजे कडक ऊन असंही समजू नका. लंडनला गेलेल्या आपल्या माणसांना जूनमध्ये रात्री नऊला उजेडात जेवावं लागतं, पण नागपूरच्या मे महिन्याची सर त्या उन्हाला नाही. ऊन किती उभं पडतं तेही पाहायचं असतं.

"21 मार्चला दिवस-रात्र समान" हेही ढोबळच. सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतात, शिवाय हवेमुळे किरण वाकतात आणि तो क्षितिजाखाली असतानाच वर आल्यासारखा दिसतो. आपल्याकडे त्या दिवशी दिवस सहा-सात मिनिटांनी मोठाच असतो. खरी बरोबरी आठवडाभर आधी होऊन गेलेली असते.

"सूर्य पूर्वेला उगवतो." रोज नाही. मुंबईत जूनमध्ये तो पूर्वेच्या 25 अंश उत्तरेला, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला उगवतो.

दुपारी बाराला सावली सर्वांत लहान नसते. मुंबईत ती वेळ वर्षभरात साधारण 12:22 ते 12:53 च्या दरम्यान सरकत असते.

ही सरकती दुपार मला शेजारच्या आजींनी शिकवली, तीही माझी जिरवून. 22 डिसेंबरला मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आजी, आजपासून दिवस वाढायला लागला, सूर्य लवकर उगवणार." आजी दिनदर्शिका बघून रोज अर्घ्य देतात. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवत म्हणाल्या, "अरे, तेव्हा सात वाजून सात मिनिटांनी उगवायचा, आता सव्वासातला आलाय. लवकर कुठंय?"

आजींचं बरोबर होतं. दिवस वाढलाच होता, पण संध्याकाळच्या बाजूने. सूर्यास्त 6:05 वरून 6:19 वर गेला होता. पृथ्वी जानेवारीत सूर्याजवळ असल्याने जरा जोरात धावते, त्यात अक्षाचा कल, त्यामुळे त्या दिवसांत सूर्याची दुपार घड्याळाच्या मागे रोज सुमारे अर्धा मिनिट पडत जाते आणि सूर्योदय-सूर्यास्त दोन्हींना सोबत ओढते. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या उत्तरार्धात. लहानात लहान दिवस, अकरा तासांचा, या दोन्हींच्या मध्ये. सूर्योदय आणि दिवसाची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेळा लिहा, वजाबाकी करा.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो ही म्हणही आजींना मी खोटी पाडून दाखवणार होतो. मग विचार केला, सतराशे वर्षांपूर्वी ती तारखेसकट खरी होती. अक्षाची दिशा फार सावकाश फिरते, 72 वर्षांत एक अंश. त्यामुळे ताऱ्यांवर बेतलेली मकर संक्रांत आणि सूर्याचं खरं उत्तरायण यांच्यात आता तीन आठवड्यांची फट पडली आहे. त्या तीन आठवड्यांत दिवस वाढतो जेमतेम सहा-सात मिनिटं. तीळ म्हणायला हरकत नाही.

घाईच्या लोकांची आणखी एक खोड. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आठ दिवस मोजतात आणि म्हणतात, "काका, काहीच बदलत नाही." त्या दिवसांत बदल काही सेकंदांचाच असतो. मार्चमध्ये मोजा, रोज मिनिटभर सापडेल.

आणि ॲपमधून वेळा उतरवून त्यावर "निरीक्षणे" असं शीर्षक देऊ नका. एका वहीत कोकणातल्या जुलैचे 31 सूर्योदय सेकंदांसकट होते. भर आषाढात पोराला रोज सूर्य दिसला होता. माझ्या वहीत जुलैची दोन पानं आहेत, त्यांवर तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे "ढग".