किसिंजरांचं दफ्तर कसं वाचावं : १९७१ची अमेरिकी कागदपत्रं शोधणाऱ्यांसाठी

बांगलादेश युद्धाचा विषय निघाला की सातवं आरमार, निक्सन आणि किसिंजर ही नावं येतातच. ‘अमेरिका तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने होती’ हे वाक्य आपण ठोकूनही देतो. ते खरंच आहे. पण नेमकं कोण, कधी, कोणाला काय म्हणालं हे मूळ कागदावर पाहण्याची सोय आज फुकटात उपलब्ध आहे. हेन्री किसिंजर १९६९ ते १९७५ अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे, म्हणजे आधी निक्सन आणि त्यांच्यानंतर फोर्ड यांचे, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. त्यांच्या कार्यालयातली टिपणं, बैठकांची इतिवृत्तं, फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी असं पुष्कळ काही खुलं झालं आहे. इंग्रजी वाचता येत असेल आणि बैठक मारून बसायची तयारी असेल, तर सांगलीत किंवा नागपुरात बसूनही हे काम होतं.

आधी प्रश्न आवळा

‘१९७१मधली अमेरिकेची भूमिका’ असा विषय घेऊन बसलात तर आठवड्याभरात कंटाळाल. हजारो पानं आहेत. एक दिवस निवडा, किंवा एक बैठक. उदाहरणार्थ, ३ डिसेंबर १९७१, ज्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय विमानतळांवर हल्ले केले. किंवा ४ नोव्हेंबर, ज्या दिवशी इंदिरा गांधी निक्सन यांना व्हाइट हाउसमध्ये भेटल्या. एका दिवसाचे सगळे कागद वाचलेला माणूस वर्षभराचे कागद चाळलेल्या माणसापेक्षा जास्त शिकतो, असं माझं ठाम मत आहे.

दफ्तर कुठे कुठे आहे ते समजून घ्या

ते एका जागी नाही, आणि त्याला कारण आहे. १९७८ साली कायदा झाला आणि २० जानेवारी १९८१ नंतरचे राष्ट्राध्यक्षांचे कागद सरकारी मालकीचे झाले. त्याआधी ते मावळत्या राष्ट्राध्यक्षांची खासगी मालमत्ता समजले जात. निक्सन यांच्या बाबतीत वॉटरगेटमुळे १९७४ साली खास कायदा करून ते सरकारने ताब्यात घेतले. म्हणून व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या (संयुक्त राष्ट्रांची ती वेगळी) मुख्य फाइली आज कॅलिफोर्नियात योर्बा लिंडा इथल्या निक्सन ग्रंथालयात आहेत.

किसिंजर यांनी मात्र आपल्या कागदांचा मोठा साठा १९७६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकला, आणि तोही अटी घालून: पंचवीस वर्षं किंवा आपल्या मृत्यूनंतर पाच वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर लोकांना दाखवायचा नाही. पत्रकारांनी माहिती अधिकाराखाली फोनच्या नोंदी मागितल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० साली निकाल किसिंजर यांच्या बाजूने लागला. कागद परराष्ट्र खात्याच्या ताब्यातच नाहीत, तर खात्याने ते द्यायचे कसे, असा एकंदर सूर. किसिंजर २९ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले, म्हणजे त्या अटीचा हिशेब २०२८च्या अखेरीला जातो.

मग आपण वाचायचं काय? पुष्कळ काही. नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह या वॉशिंग्टनमधल्या खासगी संशोधन संस्थेने पाठपुरावा केला आणि २००१ साली फोनच्या नोंदींच्या प्रती सरकारकडे परत आल्या. (नावावरून ही संस्था सरकारी वाटते, तशी ती नाही.) २००४ साली त्यातली सुमारे २०,००० पानं खुली झाली. किसिंजर यांची चिटणीस मंडळी दुसऱ्या फोनवर कान लावून बसत आणि संभाषण टाइप करत. पलीकडच्या माणसाला बहुधा याची कल्पना नसे.

सुरुवात छापील खंडांपासून करा

थेट खोक्यांकडे धाव घेऊ नका. अमेरिकी परराष्ट्र खात्याचं इतिहास कार्यालय ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही मालिका प्रसिद्ध करतं आणि ती हिस्ट्री डॉट स्टेट डॉट गव्ह या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येते. निक्सन काळातले दोन खंड आपल्या कामाचे आहेत: अकरावा खंड, जो फक्त १९७१च्या दक्षिण आशियाई संकटाचा आहे, आणि ई-७, जो फक्त इंटरनेटवर आहे. दोन्ही २००५ सालचे. ई-७मध्ये निक्सन यांच्या ध्वनिफितींची लिप्यंतरंही, म्हणजे ऐकून उतरवलेला मजकूरही, आहेत.

शोधताना स्पेलिंग त्या काळचं टाका. ढाका तेव्हा दोन ‘सी’ लावून लिहीत, बीजिंगला पेकिंग म्हणत. आजच्या नावाने शोधाल तर निम्मे कागद निसटतील.

प्रत्येक कागदाच्या पहिल्या तळटीपेवर मात्र जरा थांबा. तिथे मूळ कागद कुठल्या संग्रहात, कितव्या खोक्यात आहे ते दिलेलं असतं, आणि पुष्कळदा तो लिहिला कोणी हेही. राष्ट्राध्यक्षांना गेलेल्या टिपणावर सही किसिंजर यांची असली तरी मसुदा अनेकदा सुरक्षा परिषदेतल्या हॅरॉल्ड सॉन्डर्स किंवा सॅम्युएल हॉस्किन्सन यांचा असतो. ‘किसिंजर म्हणतात’ असं लिहिण्याआधी हे तपासा. खोक्याचा पत्ताही उतरवून ठेवा. एक मेख: खंड छापले तेव्हा हे कागद मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कला होते, म्हणून तळटीपांत तोच पत्ता आहे. ते पुढे योर्बा लिंडाला हलवले गेले. आणखी एक गंमत म्हणजे सुरक्षा परिषदेच्या वर्गवारीत भारत आणि पाकिस्तानच्या देशवार फाइली ‘मिडल ईस्ट’खाली लावलेल्या आहेत. दक्षिण आशिया शोधत बसलात तर रिकाम्या हाताने परत याल.

कागदाची जात ओळखा

खरं काम इथे आहे. बाकी सगळी हमाली.

एकाच घटनेचे कागद निरनिराळ्या जातींचे असतात. परदेशातल्या कचेरीतून आलेली तार, सल्लागाराचं राष्ट्राध्यक्षांना टिपण, बैठकीचं इतिवृत्त, भेटीचा वृत्तांत, फोनची नोंद, ध्वनिफीत. तार लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की ती अनेक टेबलांवर फिरणार. ढाक्याचे अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी पाठवलेली निषेधाची तार वाचा. आपल्याच सरकारच्या धोरणाला ती विरोध करते, आणि दहा जणांनी वाचावी म्हणूनच लिहिलेली आहे. त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, किसिंजर यांनी निक्सन यांना पर्यायांचं टिपण दिलं. त्यावर निक्सन यांनी हाताने लिहिलं की याह्यांना (पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान) सध्या पिळू नका, आणि ‘नका’साठीच्या शब्दाखाली तीन रेघा मारल्या. या टिपणाचं स्कॅन जरूर बघा, नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हच्या संकेतस्थळावर आहे. टाइप केलेल्या सपक पर्यायांखाली तो हातचा मजकूर पाहिला की धोरण कुठे ठरत होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता ३ डिसेंबर घ्या. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये किसिंजर यांच्या अध्यक्षतेखाली ‘वॉशिंग्टन स्पेशल अ‍ॅक्शन्स ग्रुप’ची, म्हणजे संकटकाळी बसणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गटाची, बैठक झाली. आधी घड्याळ जुळवा. डिसेंबरात आपली वेळ वॉशिंग्टनच्या साडेदहा तास पुढे असते. तिथे सकाळी अकराच्या पुढे बैठक बसली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि हल्ले होऊन काही तास लोटले होते. (तारांवरची ‘झेड’ लावलेली वेळ ग्रिनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा.)

या बैठकीच्या दोन नोंदी उपलब्ध आहेत. एक संरक्षण खात्याच्या माणसाने लिहिलेली, जी पत्रकार जॅक अँडरसन यांच्या हाती लागली आणि गाजली. दुसरी सुरक्षा परिषदेचं स्वतःचं इतिवृत्त, जे अकराव्या खंडात आहे. आपण भारताशी पुरेसं कडक वागत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला आपल्याला झापत आहेत आणि त्यांना पाकिस्तानकडे झुकायचं आहे, असं किसिंजर दोन्हींत म्हणतात. शब्द मात्र जुळत नाहीत. अँडरसन यांचं वाक्य जगभर अवतरणचिन्हांत फिरलं, पण ते किसिंजर यांचे जसेच्या तसे शब्द होते असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. इतिवृत्त लिहिणारा माणूस ऐकतो, गाळतो, नीटनेटकं करतो. तेव्हा अवतरण देताना ते कोणत्या नोंदीतलं आहे हे लिहायची सवय लावा.

नोव्हेंबरची भेट तर याहून बोलकी. ४ नोव्हेंबरच्या भेटीला निक्सन, इंदिरा गांधी, किसिंजर आणि इंदिराबाईंचे सचिव पी. एन. हक्सर हजर होते. त्या भेटीचा टाइप केलेला वृत्तांत वाचला तर वाटतं, दोन सभ्य नेते निर्वासितांबद्दल, सैन्य मागे घेण्याबद्दल बोलताहेत. मग ई-७मधलं दुसऱ्या दिवशी सकाळचं निक्सन–किसिंजर संभाषण उघडा. दार बंद झाल्यावर दोघेही इंदिराबाईंबद्दल आणि भारतीयांबद्दल चक्क शिव्यांच्या भाषेत बोलतात. २००५ साली हे लिप्यंतर बाहेर आल्यावर किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला. शिव्या चवीने वाचून लोक तिथेच थांबतात, आणि ते मला पटत नाही. त्याच संभाषणात पुढे काय करायचं याचा हिशेबही चालू आहे, तो जास्त मोलाचा आहे. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप चीनला जाऊन आले होते. याह्या खान हा त्या वाटेवरचा दुवा होता, हे डोक्यात ठेवून वाचा.

जमेल तिथे ध्वनिफीत स्वतः ऐका. व्हाइट हाउसमधली ध्वनिमुद्रण यंत्रणा फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ चालू होती. कपबश्यांचा आवाज, खुर्च्यांची करकर, मधेच तुटलेली वाक्यं. लिप्यंतर हा कोणीतरी केलेला अंदाज असतो हे पाच मिनिटांत कळतं.

गाळलेल्या जागा

काही ओळी झाकलेल्या असतात, काही कागद अख्खेच काढलेले. फोल्डरमध्ये अशा कागदाच्या जागी एक तक्ता ठेवतात: कागदाचा प्रकार, तारीख, विषय, काढण्याचं कारण. हा तक्ता दुर्लक्षू नका. त्यातला तपशील घेऊन तोच कागद दुसऱ्या संग्रहात शोधा. एकाच कागदाच्या प्रती परराष्ट्र खात्यात, सीआयएकडे आणि व्हाइट हाउसमध्ये असतात, आणि प्रत्येकाची कात्री वेगळी चालते. एकाने झाकलेली ओळ दुसऱ्याने उघडी ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कुठेच मिळालं नाही, तर गोपनीयतेच्या फेरतपासणीची मागणी करता येते. ती कोणीही करू शकतो. कागदाची तारीख, संग्रह, खोकं, फोल्डर हे सगळं नेमकं लिहा. ‘भारताविषयीचं सगळं द्या’ अशी मागणी केराच्या टोपलीत जाते. गेल्या दोन वर्षांत तपासलेला कागद पुन्हा तपासायला ते बांधील नसतात. नकार आला तर अपील आहे, आणि शेवटी आंतरखात्यांचं एक मंडळ आहे. वेळ फार लागतो, वर्षंही जातात. अर्ज टाकून आपल्या कामाला लागावं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाणं होत असेल, तर दोन दिवस काढून निक्सन ग्रंथालयात जाऊन या. आधी अभिलेखपालांना ईमेल करा, खोक्यांचे क्रमांक कळवा, वेळ ठरवा. पासपोर्ट जवळ ठेवा. आत फक्त पेन्सिल, पिशवी बाहेर. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम मोडायचा नाही. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. आधी फोल्डरच्या नावाचा फोटो, मग कागदांचे. हे चुकवलंत तर घरी आल्यावर कुठला कागद कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दिल्लीकडूनही ताडून पाहा

हक्सर यांचे कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनात, म्हणजे आताच्या पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालयात आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही शोध घ्या. आपल्याकडेही पंचवीस वर्षांनी कागद खुले करण्याचा नियम आहे, पण अमेरिकी खंडांसारखी टिपांसह मांडलेली मालिका नाही. त्यामुळे आपली बाजूसुद्धा आपण वॉशिंग्टनच्या नजरेतून वाचतो, हे विसरू नये.

हात बसला की यशवंतराव चव्हाणांचा विषय घ्या. १९७१मध्ये ते अर्थमंत्री होते आणि ऑक्टोबर १९७४मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. त्याच महिन्यात किसिंजर दिल्लीला आले आणि भारत–अमेरिका संयुक्त आयोगाचा करार झाला. या काळासाठी ई-८ हा खंड आणि मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला असलेलं फोर्ड ग्रंथालय पाहा; तिथले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या संग्रहातले भेटींचे वृत्तांत स्कॅन करून ठेवलेले आहेत. सप्टेंबर १९७३ ते नोव्हेंबर १९७५ किसिंजर सल्लागारही होते आणि परराष्ट्रमंत्रीही. त्यामुळे एकाच भेटीचा कागद व्हाइट हाउसच्या फायलीत असेल किंवा परराष्ट्र खात्याच्या. दोन्हीकडे बघा.