घरात मृत्यू झाला की : मंडळीतल्या तरुणांसाठी

भायखळ्याच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) दफनविधीची व्यवस्था बरीच वर्षं मी पाहतोय. आता ही सेवा तुम्ही हाती घ्यावी, म्हणून लिहितो.

फोन आला की आधी त्या घरी जा. पाळकांना वाटेतून कळवा. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला मिळालाय का बघा. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून ठेवा. महापालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. जुन्या चाळीत असाल तर अंडरटेकरची गाडी येण्याआधी जिना पाहून या. पेटी वळणावर अडकते, चौघे धापा टाकत उभे राहतात आणि घरच्यांना ते बघावं लागतं. अशा ठिकाणी पेटी खालीच ठेवा आणि चांगल्या जाड चादरीतून देह सावकाश खाली आणा, पुढे दोघे, मागे दोघे.

अंघोळ घालणं, कपडे नेसवणं घरच्यांना करायचं असेल तर घाई करू नका. विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण शरीराचं पुनरुत्थान म्हणतो. ज्या देहाला देव उठवणार, त्याचे केस विंचरणं हीसुद्धा उपासनाच आहे.

घरच्या प्रार्थनेला योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय घ्या, पण ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ एवढंच वाचून थांबू नका. लाजराच्या बहिणीची, मार्थेची तक्रारही वाचा : प्रभू इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरीही तो रडतो. म्हणून ‘रडू नका, ते प्रभूजवळ गेलेत’ असं कुणालाही म्हणू नका. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात शोक करूच नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. शेजारी बसा, पाणी द्या, रडू द्या.

सगळ्यात अवघड प्रश्न कबरेपाशी येतो. मुंबईत जागा नाही. शिवडीच्या दफनभूमीत काय किंवा दुसरीकडे काय, काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात. अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. हे पहिल्यांदा ऐकलं की एखादी आई विचारते, ‘मग माझा मुलगा उठणार कुठून?’ तिला जागेचे नियम सांगू नका. बायबलमधलं 1 करिंथ 15, म्हणजे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय उघडा. पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप यांचं नातं पौल सांगतो : माणूस तोच, शरीर मात्र अविनाशी. ज्यांना समुद्रानं गिळलं, जे जाळले गेले, विश्वासासाठी मेलेल्या त्या साक्षीदारांनाही हेच वचन आहे. देवाला हाडांचा पत्ता लागत नाही असं नाही, आणि कबर टिकली नाही म्हणून वचन मोडत नाही. दहनाबद्दल विचारलं तरी उत्तर हेच. कॅथलिक चर्चनंही 1963 पासून दहनाला परवानगी दिली आहे. रक्षा विखुरू नये, पवित्र जागी ठेवावी, असं ते सांगतात.

कबरेवर गीत असं निवडा की पुस्तकाशिवाय सगळ्यांना येईल. माईक नको. मूठमाती द्यायला लहान मुलांनाही पुढे घ्या. त्यांना मागे ठेवलं की ती मनाशीच भलतं काही रचत बसतात. शेजारचे हिंदू, मुसलमान बांधव आले असतील तर त्यांच्याही हाती माती द्या, त्यांना ती द्यायची असते.

पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. खरी गरज महिन्यानंतर लागते. दोघांची नावं तेव्हाच लिहून ठेवा, कोण कधी जाणार ते ठरवा. नोव्हेंबरात कबरी साफ करायला जाल तेव्हा त्या घराला विचारा. आणि ईस्टरच्या पहाटे शिवडीला निघताना आदल्या रात्री फोन करा, गाडीत त्यांच्यासाठी जागा ठेवा. पहिल्या ईस्टरला एकट्यानं जाणं फार जड जातं.