टपावरचा तंबू आणि बाहेरचं सामान: चोरापासून कसं वाचवायचं

गाडीच्या टपावरचा तंबू साधारण ५० ते ८० किलोचा असतो, म्हणून तो कोण उचलून नेणार असं वाटतं. पण त्याला धरून ठेवणारे नट बहुतेक वेळा आठच असतात, एम ८ मापाचे (म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टचे), आणि ते १३ मिमीच्या साध्या पान्याने सुटतात. दोन माणसं, रॅचेट पाना आणि थोडा अंधार एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे कुलूप घेण्याआधी हातात पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा आणि काय काय किती वेळात सुटेल ते पाहा.

ही तपासणी वरून खाली करायची: तंबू क्रॉसबारला, म्हणजे टपावरच्या आडव्या दांडीला, कसा धरलाय, क्रॉसबार आपल्या पायाला कसा धरलाय, आणि तो पाय टपाच्या रेलला, म्हणजे कडेच्या लांब पट्टीला, कसा धरलाय. बरेच जण तंबूला महागडे नट लावतात आणि क्रॉसबारचा पाय प्लॅस्टिकच्या झाकणामागच्या एका ॲलन (षटकोनी खाचेच्या) बोल्टवर सोडून देतात. मग चोर तंबूला हातच लावत नाही. बारसकट सगळं उचलतो. बारच्या पायाला कुलपाचा गाभा बसवायची सोय असेल तर चारही पायांत बसवा. दोन पायांवर भागवू नका, कारण एक बाजू सुटली की दुसरी तरफेने उचकटता येते.

सुरक्षा नट

पैसे आधी इथे घालावेत. हे नट साध्या पान्यात धरता येत नाहीत. त्यांची स्वतःची नक्षीदार चावी लागते. पाच खाचांचे किंवा मध्ये खुंटी असलेल्या टॉर्क्सचे (चांदणीसारख्या खाचेचे) बोल्टही ‘सुरक्षा बोल्ट’ म्हणून विकले जातात, पण त्यांची टोकं बिटांच्या साध्या डब्यातही सापडतात. चावीला क्रमांक असलेला संच घ्या.

बहुतेक तंबूंच्या तळाला दोन ॲल्युमिनियमचे चॅनल असतात. बोल्टचं डोकं चॅनलमध्ये सरकतं, क्रॉसबारच्या खालून एक पट्टी येते आणि तिच्या दोन टोकांना दोन नट. अशा चार पट्ट्या. खर्च वाचवायला प्रत्येक पट्टीला एकच सुरक्षा नट लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे: दुसरा साधा नट काढला की पट्टी उरलेल्या बोल्टभोवती फिरवून बारखालून बाजूला काढता येते. शक्य असेल तर आठही नट बदला. चारच घ्यायचे असतील तर चारही पट्ट्यांवर एकेक लावा आणि नीट आवळा; दोन पट्ट्यांवर दोन-दोन लावून उरलेल्या मोकळ्या ठेवू नका.

बसवताना सगळे नट एकदम सोडू नका. एक काढा, वॉशर जागेवर ठेवा, नवा हाताने किमान तीन-चार आटे फिरवा, मग चावीने आवळा आणि पुढच्याकडे जा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, किती द्यायचा ते तंबूच्या पुस्तिकेत असतं. अंदाजाने जोर लावला तर चॅनलची ॲल्युमिनियमची कड वाकते.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, बोल्टची लांबी. बरेच सुरक्षा नट वरून बंद असतात. बोल्ट जास्त लांब असेल तर त्याचं टोक नटाच्या तळाला टेकतं, हाताला ‘आवळला’ असं वाटतं आणि पट्टी मात्र ढिलीच राहते. नट बसल्यावर पट्टी हाताने हलवून पाहा. हलली तर जाड वॉशर घाला किंवा बोल्ट कापून घ्या.

दुसरी, स्टेनलेसवर स्टेनलेस. असे आटे कोरडे आवळले, विशेषतः इलेक्ट्रिक ड्रायव्हरने वेगात, की एकमेकांत धरतात आणि मग नट पुढे जात नाही की मागे येत नाही. हातानेच आवळा आणि आट्यांवर वंगणाचं काम करणारं काहीतरी लावा; काय, ते पुढच्याच मुद्द्यात.

तिसरी, थरथर. मूळ नटांत नायलॉनची कडी असते, सुरक्षा नटांत ती बहुधा नसते. खडबडीत रस्त्यावर ते हळूहळू सैल होतात. मध्यम ताकदीचं, म्हणजे निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. ते आवळताना वंगणाचंही काम करतं, त्यामुळे वेगळं ग्रीस नको. ग्रीस लावलेल्या आट्यांवर थ्रेडलॉकर धरतही नाही. लाल थ्रेडलॉकर टाळा: तो नट सोडवायला चांगलाच तापवावा लागतो आणि वर तंबूचं कापड असतं. शेवटी नटावरून पट्टीवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, थरथरीने किंवा कोणाच्या हाताने. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक सहलीआधी ही रेघ बघायची.

पुरेसे आवळल्यावर डोकं तुटून पडणारे नट स्वस्त आणि भक्कम असतात, पण ते काढायला करवत किंवा ड्रिल लागतं. दर हंगामात तंबू उतरवणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ऑनिंग, रिकव्हरी बोर्ड, कॅन

ऑनिंगच्या (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराच्या) ब्रॅकेटला बहुधा एम ८ बोल्टच असतात, तेव्हा वरचीच पद्धत. बोल्ट ॲलन खाचेचा असेल तर एक जुगाड कामाचा आहे. एम ८ च्या दंडगोल डोक्याच्या बोल्टला ६ मिमीची ॲलन चावी लागते. त्या खाचेत ६ मिमीची पोलादी गोळी बसवून सिलिकॉनने बुजवा. चावी आत जात नाही. काढायची वेळ आली तर सुईने सिलिकॉन खरवडून चुंबकाने गोळी ओढायची. गोल टोपीच्या बोल्टची खाच ५ मिमीची असते, तिथे लहान गोळी लागेल.

रिकव्हरी बोर्डसारख्या (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांसारख्या), क्रॉसबारच्या खाचेत सरकवून बसवलेल्या वस्तूंचा धोका वेगळा. बोल्ट थोडा सैल केला आणि बारच्या टोकाचं रबरी टोपण काढलं की वस्तू बोल्टसकट बाहेर सरकते. टोकाजवळ खाचेत अडसर म्हणून एक सुरक्षा बोल्ट लावला की हा मार्ग बंद होतो.

जेरीकॅनसाठी कुलपाची पट्टी असलेला होल्डर घ्या, आणि कॅनच्या तोंडालाही कुलूप हवं, नाहीतर कॅन जागेवर राहतो आणि इंधन जातं. गॅसची टाकी मात्र बंद पेटीत कोंडू नका. हवा खेळेल अशा होल्डरमध्येच बांधा, आणि तिच्या कुलपाची किल्ली कुठे आहे ते सहप्रवाशालाही माहीत हवं. आग विझवायच्या नळकांड्याला कुलूप नकोच. ते गेलं तर गेलं.

टपावरच्या प्लॅस्टिक पेटीचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने उचकटतं. त्यात अंथरुणं, खुर्च्या, ताडपत्री. फ्रिज, बॅटरी, स्टोव्ह गाडीच्या आत, काच झाकून.

तार आणि कुलूप

८ ते १० मिमीची वळलेली पोलादी तार तंबूच्या तळाची चौकट आणि क्रॉसबार दोन्हींतून ओवा. शिडीच्या कडीतून किंवा कव्हरच्या झिपमधून ओवणं म्हणजे नुसती शोभा. चांगल्या कटरने तार तुटतेच. तिचा उपयोग एवढाच की नट सोडणाऱ्याला आता दुसरं हत्यारही लागतं. तार लोंबती ठेवू नका, ती टपाचा रंग घासते. कुलपाची कडी शक्य तितकी झाकलेली हवी आणि तोंड खाली. किल्लीच्या भोकात तेल घालू नका, धूळ चिकटून ते बसतं. ग्राफाइट किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा मारा. सगळी कुलपं एकाच किल्लीची मागवली की ती खरोखर लावली जातात, आळसाने उघडी राहत नाहीत.

सुरक्षा नटाची चावी ग्लव्हबॉक्समध्ये ठेवण्याची सवय सर्वांत आधी मोडा. एक चावी घरी, एक आपल्या पिशवीत, आणि क्रमांक फोनमध्ये.

ट्रॅकर आणि कागद

ब्लूटूथ टॅग स्वस्त असतो आणि सीआर २०३२ या चपट्या गोल सेलवर सुमारे वर्षभर चालतो, पण तो आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतो, म्हणजे रानात जवळपास मुका. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याही फोनवर येऊ शकते. सिमवाला जीपीएस ट्रॅकर जास्त भरवशाचा, मात्र त्याचं चार्जिंग सांभाळावं लागतं आणि नेटवर्क हवं. कोणताही असला तरी तो ॲल्युमिनियमच्या कवचाला चिकटवू नका, सिग्नल अडतो. गादीच्या खोळीत शिवा.

तंबूचा अनुक्रमांक, बिल आणि बसवलेल्या अवस्थेतले फोटो आजच काढून ठेवा. चौकटीच्या आतल्या बाजूला खूण कोरा. अतिनील शाईची खूण उन्हात फिकी पडते. विमा कंपनीला विचारा: नंतर बसवलेलं सामान पॉलिसीत वेगळं नोंदवलेलं नसेल तर भरपाई अनेकदा मिळत नाही.

गाडी लावताना ज्या बाजूने तंबूचे नट हाताशी येतात ती बाजू भिंतीला घ्या, मागचं दार दुसऱ्या भिंतीला. गाडीचा मूळ अलार्म टपावरची हालचाल सहसा ओळखत नाही. कलल्यावर वाजणारा सेन्सर जोडता येतो, फक्त संवेदनशीलता कमी ठेवा, नाहीतर वाऱ्यानेही तो वाजेल आणि चार दिवसांत तुम्हीच तो बंद कराल. सहली नसतील त्या महिन्यांत तंबू कप्पीने उतरवून छताला टांगता आला तर उत्तम. इंधनही वाचतं.