दोघांच्या लांब ट्रेकसाठी टेंट घेताय? या चुका टाळा

राजगड-तोरणा-रायगड असा तीन-चार दिवसांचा पल्ला दोघांनीच, बिऱ्हाड पाठीवर घेऊन करायचा ठरला की सॅक, बूट, स्लीपिंग बॅग ज्याची त्याची असते. टेंट मात्र दोघांत एकच. तरीही बहुतेक घरांत तो दोघांपैकी एकजण, मोबाइलवर वजनाचा आकडा बघून, एकट्यानंच मागवतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. मागवणारा वजन आणि किंमत बघतो. रात्री दोनदा उठून बाहेर जावं लागणाऱ्याची, थंडी सोसत नसणाऱ्याची किंवा झोपेत सारखी कूस बदलणाऱ्याची अडचण त्या हिशेबात येतच नाही.

म्हणून दुकानात दोघांनी मिळून जा. आपापल्या मॅट सोबत न्या, टेंट उभा करायला सांगा, शेजारीशेजारी आडवे व्हा आणि मग दोघंही एकाच वेळी उठून बसा. पुष्कळ टेंट फक्त मधोमध उंच असतात, त्यामुळे एकजण बसला की दुसऱ्याला आडवंच राहावं लागतं. पावसाची अख्खी संध्याकाळ आत काढायची वेळ आली की याचा फार त्रास होतो. दुकानात एवढं करू देत नसतील तर तसाच टेंट एखाद्या शनिवार-रविवारी भाड्यानं घेऊन बघा. पुण्यात टेंट भाड्यानं मिळतात.

टेंटवरचा ‘२’ हा आकडा

कंपनी टेंटवर ‘दोन माणसं’ लिहिते तेव्हा तिनं साधारण ५१ सेंटीमीटर रुंदीच्या दोन मॅट शेजारी ठेवून बघितलेल्या असतात. अशा टेंटची रुंदी बहुधा १२५ ते १३५ सेंटीमीटर असते. आता तुमच्या मॅट रुंद, म्हणजे ६४ सेंटीमीटरच्या असतील, तर दोन मॅटचे १२८ तिथंच झाले. त्यात वजन वाचवायला कित्येक टेंट पायाकडे निमुळते केलेले असतात. डोक्याकडे १३० आणि पायाकडे ११० असेल तर रुंद मॅट एकमेकींवर चढणारच. म्हणून दोन्ही टोकांची मापं बघा आणि घरी फरशीवर खडूनं तेवढी चौकट आखून दोघं तिच्यात झोपून बघा.

लांबीतही अशीच फसगत होते. भिंती आत कललेल्या असतात आणि जाड हवेची मॅट तुम्हाला जमिनीपासून सात-आठ सेंटीमीटर वर उचलते. त्यामुळे कागदावर २१० सेंटीमीटर लांब असलेल्या टेंटमध्ये उंच माणसाच्या स्लीपिंग बॅगचं टोक ओल्या भिंतीला टेकतं आणि पहाटे पाय गारठतात. दोघांपैकी एकजण सहा फुटांच्या आसपास असेल, किंवा मॅट रुंद असतील, तर सरळ तीन माणसांचा टेंट घ्या. हलक्या टेंटांमध्ये त्याचं वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम जास्त भरतं. दोघांत वाटलं तर माणशी पाव किलो. इतक्यासाठी आठवडाभराची झोप घालवू नये.

दारं दोन हवीत, दोन्ही बाजूंना. एका दाराच्या टेंटमध्ये आतल्या माणसाला बाहेर जायचं तर दुसऱ्याच्या अंगावरूनच जावं लागतं. दोन दारं म्हणजे व्हेस्टिब्यूलही दोन, म्हणजे दाराबाहेरचे झाकलेले आडोसे. ओले बूट आणि सॅक तिथं राहतात आणि आतली जागा झोपायला मोकळी मिळते.

अमेरिकेची यादी, सह्याद्रीचा कातळ

इंटरनेटवरच्या पुष्कळ शिफारशी अमेरिकेतल्या लांब वाटा चालणाऱ्यांच्या असतात. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किलोमीटरची आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्यांना एकेक ग्रॅम जाणवतो. म्हणून तिथं ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे, एकेरी कापडाचे टेंट लोकप्रिय आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात ते उत्तम चालतात. पण अशा टेंटचा सगळा डोलारा खुंट्यांच्या ताणावर असतो. आपल्या गडांच्या माच्यांवर आणि पठारांवर बोटभर मातीखाली काळा कातळ लागतो. खुंटी वाकते, आत शिरत नाही. सह्याद्रीत वापरायचा असेल तर स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा, दुहेरी कापडाचा, म्हणजे आतलं आणि बाहेरचं कापड वेगळं असलेला टेंटच घ्या.

तरीही दोऱ्या ताणाव्या लागतातच. खुंटी जात नसेल तिथं दोरी एका मध्यम दगडाला गुंडाळा आणि तिच्यावर, टेंटच्या बाजूला, दुसरा जड दगड ठेवा. दगड मोकळे पडलेलेच घ्या. तटबंदीचा किंवा वाड्याच्या जोत्याचा एक दगडही हलवू नका, ही मनापासून विनंती आहे. आणि गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या. काही गडांवर बंदी आहे.

‘टेंट गळतोय’ असं वाटतं तेव्हा

सकाळी छत आतून ओलं, स्लीपिंग बॅगवर थेंब, की आपण लगेच टेंट बदलून घ्यायला निघतो. आधी थेंब कुठं आहेत ते बघा. फ्लायच्या म्हणजे बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगाला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील, तर ते पावसाचं पाणी नाही. तो तुमच्या दोघांच्या श्वासातला दमटपणा आहे, थंड कापडावर जमलेला. एका माणसापेक्षा दोन माणसांचा तो अर्थातच जास्त असतो, आणि पावसाळा संपल्यावर दव पडणाऱ्या रात्री विशेष जाणवतो. वरच्या खिडक्या बंद करू नका, दाराची चेन वरून वीतभर उघडी ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका आणि ओढ्याकाठच्या खोलगट जागेऐवजी थोडी उंच जागा निवडा. बाजूच्या आणि पायाकडच्या दोऱ्या ताणून फ्लाय आणि इनर, म्हणजे आतलं कापड, एकमेकांना चिकटू देऊ नका. निम्मा त्रास एवढ्यानंच जातो.

ओल शिवणीच्या रेषेवर किंवा एखाद्या कोपऱ्यातच असेल तर मात्र गळती आहे. शिवणीची पट्टी सुटलीय का बघा आणि सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, लावा. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचाच सीलर लागतो, दुसरा धरत नाही. पाणी खालून येत असेल तर टेंटखाली अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तपासा. त्याची कड टेंटबाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं. कड आत दुमडली की काम झालं. सिलिकॉन-नायलॉनचा टेंट ओला झाल्यावर सैल पडतो, त्यात बिघाड काही नाही. झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणायच्या.

उतार असेल तर टेंट लांबीच्या दिशेनं लावा, डोकी वर ठेवून. आडवा लावलात तर वरच्या बाजूचा रात्रभर खालच्याच्या अंगावर घसरत राहतो आणि सकाळी दोघंही चिडलेले असतात.

ओझं वाटताना

पोल एकाकडे, कापड दुसऱ्याकडे, ही वाटणी सोयीची दिसते. पण राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे जाताना धुकं उतरलं आणि चुकामूक झाली, तर निवारा दोघांकडेही नाही. सगळा टेंट एकाकडे द्या आणि दुसऱ्याकडे स्टोव्ह, भांडी, शिधा. टेंट नसलेल्याच्या सॅकमध्ये मोठं प्लॅस्टिक किंवा हलकी ताडपत्री असावीच.

निघण्यापूर्वी जुलैच्या एखाद्या पावसात सोसायटीच्या गच्चीवर टेंट उभारा. तिथं खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे तो स्वतःच्या पायांवर किती उभा राहतो ते लगेच कळतं. कोपऱ्यांना पाण्याचे भरलेले कॅन बांधा. दोघांनीही एकेकट्यानं तो उभारून बघावा. परत आल्यावर तो ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका. दमट उकाड्यात पॉलियुरेथेनचा आतला लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे सुटू लागतात. तसा टेंट पुन्हा धड होत नाही. पंख्याखाली दोन दिवस पसरून वाळवा आणि सैल पिशवीत ठेवा. चेन लावूनही मागून उघडत असेल तर पूर्ण चेन बदलायची घाई नको. बहुधा स्लायडर, म्हणजे चेनवरून सरकणारा तुकडा, ढिला झालेला असतो. पकडीनं त्याच्या दोन्ही कडा हलकेच, एकेकदा दाबून बघा.