डार्विनहून शिडाच्या बोटीने किंग जॉर्ज नदीला जाताय? आधी हे वाचा

मे महिना लागला, पाऊस संपला, हवा कोरडी झाली की डार्विनमध्ये आपल्या मंडळींच्या जेवणावळीत हा विषय निघतोच. कोणीतरी नुकतंच पुण्याहून नाहीतर मेलबर्नहून आलेलं असतं, कोणाच्या तरी शिडाच्या बोटीवर जागा मिळालेली असते किंवा हौसेने एक जुनी बोट स्वतःच घेतलेली असते, आणि किंग जॉर्ज नदीचे ते जोडधबधबे बघायला जायचं ठरलेलं असतं. मग चर्चा होते ती कॅमेऱ्याची, ड्रोनची आणि डब्यात काय न्यायचं याची. पाण्याबद्दल कोणी काही विचारत नाही. मी इथे बरीच वर्षं आहे, नवरा आणि मी बोट चालवतो, त्या नदीला बऱ्याच वेळा गेलोय, आणि नवीन लोक त्याच त्या दोन-तीन ठिकाणी अडकताना बघितलेत म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतेय.

आधी जागा कुठे ते सांगते. डार्विन नॉर्दर्न टेरिटरीत, नदी मात्र शेजारच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आहे, किंबर्ली भागाच्या उत्तर टोकाला. डार्विनहून जोसेफ बोनापार्ट गल्फ ओलांडून साधारण सव्वादोनशे सागरी मैल, पाच नॉटने गेलात तर दोन दिवस धरा. वाटेत रात्री कोळंबीचे ट्रॉलर असतात, त्यांचे दिवे बघून नीट अंतर ठेवा. नदीचं मुख कूलामा बेमध्ये उघडतं. डार्विनवर बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २० फेब्रुवारी १९४२ ला, जपानी विमानांनी कूलामा नावाच्या जहाजावर बॉम्ब टाकले होते, ते जहाज या खाडीत आणून लावलं म्हणून हे नाव. आतमध्ये लाल कड्यांची उंच घळ आहे आणि तिच्या टोकाला सुमारे ८० मीटरवरून पडणारे दोन धबधबे. पावसाचं पाणी असतं तोवरच ते जोरात असतात, जून संपला की बारीक होत जातात. म्हणून मे-जून बरा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ, तेव्हा या भागात बोट घेऊन जायचं नावच काढायचं नाही, इन्शुरन्सवाले पण त्या काळासाठी वेगळ्या अटी घालतात.

आता मगरी. मला माहितीये की आपल्यातले सांगलीकर आणि चिपळूणकर लगेच म्हणणार की आम्ही कृष्णेत आणि वाशिष्ठीत मगरी बघतच मोठे झालो. ती मगर वेगळी हो. इथली खाऱ्या पाण्यातली, तिचा नर पाच मीटरच्या पुढे जातो, ती समुद्रात पोहते, नदीत राहते, गोड्या पाण्यात पण वर चढते आणि माणसाला खाद्य समजते. पूर्वी कातड्यासाठी इतक्या मारल्या की संपत आल्या होत्या, मग वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १९७० ला आणि नॉर्दर्न टेरिटरीने १९७१ ला शिकार बंद केली, आणि आज एकट्या टेरिटरीत लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे दिसत नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. पाणी गढूळ असतं, ती तुमच्यापासून दोन हातांवर पाण्याखाली असली तरी कळत नाही.

सरकारी सूचना आहे की पाण्याच्या काठापासून निदान पाच मीटर लांब राहा. आपल्या लोकांना इथेच अडचण येते कारण पाणी दिसलं की पाय धुवायचे, हात बुडवायचा, भांडं विसळायचं, मुलांना घोटाभर पाण्यात उभं करून फोटो काढायचा, हे आपल्या अंगात मुरलंय. इथे ते पूर्ण सोडा. बोटीच्या मागच्या पायरीवर पाय सोडून बसायचं नाही. बादलीने पाणी काढायचं तर दोर लांब ठेवून वर डेकवरून काढा, आणि रोज त्याच वेळी त्याच बाजूने नको, कारण ती तुमची सवय बघून ठेवते आणि मग तिथेच वाट बघते. मासा पकडला तर तो नांगरलेल्या जागी साफ करून आतडी तिथेच टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कोण येणार हे सांगायला नको. काही इथले लोक बिअर घेऊन पाय पाण्यात सोडून बसलेले दिसतील आणि तुम्हाला म्हणतील काही होत नाही. इथले लोक मनाने फार चांगले आहेत, मदतीला धावून येतात, पण काही होत नाही हे वाक्य ते फार सहज बोलतात. तेवढं ऐकू नका. १९८७ साली किंबर्लीतल्याच प्रिन्स रीजेंट नदीत एक तरुण अमेरिकन बाई धबधब्यापाशी पोहायला उतरली आणि मगरीने नेली. तीसुद्धा बोटीनेच आली होती.

पाण्यात उतरता येत नाही याचे पुढचे परिणाम मात्र नवीन माणसाच्या लक्षात येत नाहीत. बोटीच्या पंख्यात, म्हणजे प्रॉपेलरमध्ये, दोर अडकला तर बुडी मारून कापता येणार नाही. नांगर खडकात अडकला तर खाली जाऊन सोडवता येणार नाही. हातातून चष्मा, मोबाईल, विंचचं हँडल पडलं तर ते गेलं असं समजा. म्हणून नांगराला ट्रिप लाइन म्हणजे एक वेगळा दोर आणि वर तरंगता बोया बांधा, म्हणजे उलट्या बाजूने ओढून काढता येतो. पंख्याला दोर कापायचं पातं आधीच बसवून घ्या. डिंगीचा, म्हणजे मागे बांधलेल्या छोट्या होडीचा, दोर मागे लोंबत ठेवून इंजिन रिव्हर्सला टाकायचं नाही, हे प्रत्येक माणसाला, अगदी पाहुण्यालाही, निघायच्या आधी सांगून ठेवा.

आणि डिंगी हवेची नको. मगर हवेच्या डिंग्या चावते, रात्री बोटीमागे बांधून ठेवलेली सकाळी एका बाजूने बसलेली सापडते, हे या किनाऱ्यावर नवीन नाही. ॲल्युमिनियमची टिनी घ्या, जुनी चालेल. रात्री तीसुद्धा पाण्यात ठेवायची नाही, हॅलयार्डने म्हणजे शीड चढवायच्या दोराने उचलून बाजूला लटकवायची. एका टिनीत किती माणसं बसतील ते तिच्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे एकदा माणसं जमली की अजून दोघं मावतील म्हणून बसवायची पद्धत आहे, घरच्या गाडीत ठीक, इथे नाही. दोन फेऱ्या करा, कोणाला गाडी पकडायची नाहीये.

आता भरती-ओहोटी, आणि यातलं एक मी ठासून सांगणार आहे. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, माझे सासरे अजून काढतात आणि ती तिकडे बरोबर येते. इथे ते गणित लावू नका, ते आपल्या किनाऱ्याचं आहे. डार्विनला उधाणाच्या दिवशी पाणी जवळजवळ आठ मीटरपर्यंत वरखाली होतं, मुंबईपेक्षा खूपच जास्त. किंग जॉर्जला एवढं नाही, पण नदीच्या तोंडावर वाळूचे पट्टे आहेत, ते दर पावसाळ्यानंतर सरकतात, आणि ओहोटीला कील, म्हणजे तळाला खोल गेलेला कणा, असलेल्या बोटीला तिथून जायला पुरेसं पाणी राहत नाही. आत जायचं ते भरती चढत असताना, म्हणजे तळाला टेकलात तरी पाणी वाढून तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर बोट आडवी होते. आणि तो दिवस उधाणाच्या नंतरचा असेल तर पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी, भांग म्हणजे कमी भरतीचे दिवस येतात, आणि तुम्ही तिथेच बसता.

नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या घड्याळात दीड तासाचा फरक आहे. दीड तास. १२९ अंश पूर्व रेखांश ओलांडला की वेळ दीड तास मागे जाते. समुद्रात ना पाटी, ना मोबाईलचं नेटवर्क, त्यामुळे फोन आपोआप बदलेल याचा भरवसा नाही, आणि बदलला तरी बोटीवरचं दुसरं घड्याळ बदललेलं नसतं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने भरतीचं कोष्टक घरी डार्विनच्या वेळेत छापून घेतलं आणि हद्द ओलांडल्यावर बोटीवरचं घड्याळ मात्र शिस्तीत वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं केलं. कागदावर पूर्ण भरती साडेअकराची. तिथल्या घड्याळाने ती दहाला होऊन गेली होती. हे साडेअकराला तोंडाशी गेले, पाणी दीड तास उतरत होतं, वाळूवर बसले, बोट कलंडली, सुकाणू वाकलं, आणि भांग असल्यामुळे कित्येक दिवस तिथेच. खाली उतरून बघायची सोय नाही कारण मगरी. दोन लहान मुलं बोटीवर, तिरक्या केबिनमध्ये, उन्हात. माणसं सुखरूप आली हे महत्त्वाचं, पण दुरुस्तीत त्यांची साठवलेली रक्कम गेली आणि बोट त्यांनी विकून टाकली. त्यानंतरही मी दोन बोटींवर हीच चूक होता होता थांबवलीये, म्हणून परत सांगते, बोटीवर एकच वेळ ठेवा. कुठलीही ठेवा, पण घड्याळ, फोन, नकाशा दाखवणारा प्लॉटर, छापलेलं कोष्टक, सगळं त्याच वेळेत, आणि कोष्टकाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा की ही वेळ कुठली. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी वेगवेगळं बघून एकमेकांना वेळ सांगायची. जुळली नाही तर जायचं नाही.

वेळ बरोबर असली तरी थेट घुसू नका. बाहेर खाडीत नांगर टाका, आधी टिनीने जाऊन खोली मोजून या, हातातला डेप्थ साउंडर मिळतो नाहीतर दोराला वजन बांधून मोजा. मागच्या वर्षीचा कोणाचा ट्रॅक असेल तर तो दिशा समजायला ठीक, त्याच्यावर बोट चालवायची नाही. सूर्य वर असताना जा, वाळूचा रंग दिसतो.

आत गेल्यावर खोली मिळते आणि मग माणूस निवांत होतो. घळीत रात्री कड्यांवरून वाऱ्याचे जोरदार झोत खाली येतात, एकदम, कुठूनही. कड्याला चिकटून नांगरू नका, साखळी भरपूर सोडा आणि भरती-ओहोटीबरोबर बोट उलटी फिरेल तेव्हा मागे किती जागा उरते ते आधीच बघा. धबधब्याखाली बोटीचं नाक नेऊन गोडं पाणी भरतात लोक, बघायला छान असतं, पण वरून दगडही येतात, आम्ही करत नाही. प्यायचं पाणी डार्विनहूनच न्या, माणशी दिवसाला चार-पाच लिटर आणि वर काही दिवसांचा राखीव साठा. वाटेत नळ नाही, पंप नाही. परतताना पूर्वेचा वारा बऱ्याच वेळा तोंडावर असतो, इंजिन जास्त चालतं, तर डिझेल जाताना किती लागलं त्यावरून येतानाचा हिशोब करू नका.

जमीन बलांगारा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे. उतरायचं, कड्यावर चढायचं तर परवानगीची चौकशी घरून निघायच्या आधी करायची, तिथे जाऊन नाही. आपल्यातले काही म्हणतात इथे कोण बघायला येतंय. असं बोलणाऱ्याबरोबर मी बोटीवर जात नाही. आपल्या गावच्या देवराईत परका माणूस न विचारता शिरला तर आपल्याला चालेल का, तेवढं मनाला विचारा. धबधब्याच्या वरच्या डोहात लोक पोहतात, तुम्ही जायचं की नाही हे त्या भागाची माहिती असलेल्या माणसाला विचारून ठरवा, व्हिडिओ बघून नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. टेरिटरीत हौशी बोटीला लायसन्स आणि रजिस्ट्रेशन लागत नाही म्हणून सगळे खूश असतात, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात इंजिनच्या बोटीला स्किपर्स तिकीट म्हणजे बोट चालवायचा परवाना लागतो आणि बोटीवरून मासेमारीला परवाना. फळं, भाज्या, मध यांच्यावर त्या राज्यात कडक बंधनं आहेत, यादी बघून सामान भरा.

किनाऱ्यावर जेलीफिश असतात, बॉक्स जेलीफिशचा दंश जीव घेऊ शकतो, त्यांचा मोसम ऑक्टोबर ते मे धरतात पण मला बाकीच्या महिन्यांचाही भरवसा नाही. बोटीवर आणि टिनीत दोन्हीकडे व्हिनेगरची बाटली. दंश झाला तर चोळायचं नाही, व्हिनेगर निदान तीस सेकंद ओतत राहायचं आणि मदत मागायची. खडकावरच्या कालवांनी पाय कापतो, बूट घाला, आणि जखम लहान म्हणून सोडू नका, या हवेत दोन दिवसांत चिघळते. चिलटं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास फार, बारीक जाळी हवी, साधी मच्छरदाणी त्यांना पुरत नाही.

मदतीचं शेवटी लिहितेय पण तयारी सगळ्यात आधी करा. मोबाईल तिथे चालत नाही. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ आहे पण ऐकणारी बोट जवळ असेल तरच उपयोग. ४०६ मेगाहर्ट्झचं ईपर्ब, म्हणजे संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र, हवंच, आणि ते तुमच्या नावावर एएमएसए या ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा संस्थेकडे रजिस्टर करा, पैसे लागत नाहीत. जुनी बोट घेतली असेल तर ईपर्ब आधीच्या मालकाच्या नावावर असतं, मग सिग्नल गेला की फोन त्याच्या घरी जातो, त्याला काही माहीत नसतं. बॅटरीची तारीख बघा. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर भाड्याने मिळतो. आणि डार्विनमधल्या एका माणसाकडे लेखी ठेवून जा, बोटीचं नाव, रंग, किती जण, कोणाला कुठलं औषध चालू आहे, कुठल्या दिवशी कुठे असणार आणि कधीपर्यंत काही कळलं नाही तर पोलिसांना फोन करायचा. कोणी ओळखीचं नसेल तर मला सांगा, मी ठेवीन कागद, फक्त परत आल्यावर त्याच दिवशी फोन करा, कितीही दमला असलात तरी.