लैंगिक हिंसेवरचं संशोधन शेअर करताय? या चुका टाळा

एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या पोलिसांचे आकडे गोळा करणाऱ्या राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा, रिपोर्ट आला की सगळ्यांच्या स्टोरीला तेच, काळं बॅकग्राउंड, लाल अक्षरं, "भारतात दर 16-17 मिनिटांनी एक बलात्कार". हा आकडा येतो कुठून तर 2022 मध्ये देशात बलात्काराच्या 31,516 केसेस नोंदल्या गेल्या, वर्षातली मिनिटं त्याने भागली की झालं. पण या पोलिसात नोंदलेल्या केसेस आहेत, घडलेल्या घटना नाहीत, आणि एका केसमध्ये बरेच गुन्हे असले तर एनसीआरबी त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतं, म्हणजे बलात्कार करून खून केला असेल तर ती केस यात धरलेलीच नसते, तिचा रकाना वेगळा. त्यामुळे "नोंदलेल्या" हा शब्द आणि वर्ष, दोन्ही आकड्याच्या शेजारीच लिहा, कॅप्शनमध्ये नको. कॅप्शन व्हॉट्सॲपवर जात नाही हो, फक्त इमेज फिरते, आणि तीन वर्षांनीही फिरत असते.

दुसरी चूक म्हणजे एनसीआरबी आणि एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे) एकाच चार्टमध्ये घालणं. एनएफएचएस-5 मध्ये 18 ते 49 वयाच्या बायकांना घरी जाऊन, एकटं गाठून विचारलेलं आहे, घरातल्या एकीलाच. 6 टक्के जणींनी आयुष्यात कधीतरी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं आणि त्यातल्या लग्न झालेल्यांपैकी 82 टक्के जणींनी सध्याच्या नवऱ्याचं नाव घेतलं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये नवऱ्याला अपवाद आहे, बायको 18 च्या वर असेल तर तो बलात्कार धरतच नाहीत, मग एनसीआरबीच्या बलात्काराच्या आकड्यात हे दिसणार कुठून? मला विचाराल तर पोस्ट यावरच करा, बाकी सगळं राहू दे. फक्त पुरुष, लहान मुलं, साठीच्या आज्या यांच्याबद्दल हा सर्व्हे काहीच सांगत नाही, तेव्हा "भारतात इतके लोक" असं लिहू नका.

2022 मधला बलात्काराच्या खटल्यांतला शिक्षेचा दर 27-28 टक्के म्हणजे शंभर तक्रारींमागे 27 जण आत गेले असं नाही, त्या वर्षी कोर्टात निकाल लागलेल्या खटल्यांपैकी तेवढ्यांत शिक्षा झाली. आणि एखाद्या राज्याचा आकडा मोठा दिसला की लगेच "सगळ्यात वाईट राज्य" नको, जिथे पोलीस तक्रार लिहून घेतात तिथेही आकडा वाढतो.

बाहेरचे अभ्यास टाकताना तर जास्तच जपा. स्टॉकहोमचा 2017 चा एक अभ्यास खूप फिरतो, "70 टक्के बायका गोठून जातात". तिथे अत्याचारानंतर महिन्याभरात एका खास क्लिनिकमध्ये आलेल्या 298 जणींना विचारलं होतं, जगातल्या सगळ्या बायकांना नाही. तो शेअर जरूर करा, "ओरडली का नाही" म्हणणाऱ्यांना त्याच्याइतकं चांगलं उत्तर क्वचित मिळतं, पण 298 आणि स्टॉकहोम हे दोन शब्द टाका म्हणजे कुणी पोस्ट खोडून काढू शकणार नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, ओळख. न्याय संहितेच्या कलम 72 खाली पीडितेची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि 2018 च्या निपुण सक्सेना निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ती हयात नसली तरी नाव नाही आणि ओळख पटेल असा तपशीलही नाही. तरी 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात बलात्कार करून खून झालेल्या डॉक्टरचं नाव हॅशटॅग करून फिरवलंच ना, शेवटी कोर्टाला ते काढायला सांगावं लागलं. संशोधनातल्या मुलाखतींचंही तेच, "वय 34, अंगणवाडी सेविका, अमुक गाव" असं सुंदर टेम्प्लेटवर टाकता, अहो गावात अंगणवाडी सेविका असतात किती? वय ढोबळ करा, गाव आणि काम काढून टाका. तोंड झाकून कोपऱ्यात बसलेल्या बाईचा फोटोही नको, साधा ग्राफ बरा.

पोस्ट रात्री टाकून झोपू नका, पहिले काही तास कमेंट बघायला कुणीतरी हवं, नाहीतर बंद ठेवा. आणि डीएम येतात. "माझ्यासोबत पण झालंय" एवढंच लिहिलेलं असतं. कधी, कुणी, कुठे असं विचारत बसू नका, स्क्रीनशॉट तर अजिबातच नको, तुमचा विश्वास आहे एवढं सांगा आणि तिला हवं असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन द्या, लहान मूल असेल तर 1098, आत्ता धोका असेल तर 112. हे नंबर पोस्टच्या पहिल्याच स्लाइडवर टाका, शेवटच्या स्लाइडपर्यंत सगळे जात नाहीत.